चिंचदऱ्याचा एकुलता नर

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला नगरच्या गर्भगिरी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून एक नर नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. नर दीड सेंटिमीटर लांबीचा होता, मेलेला होता आणि स्पिरिटमध्ये बुडवून बोटभर बाटलीत ठेवलेला होता. तरी त्याच्यासाठी सुकन्या गर्जे अशी रडत होती, की बाहेरून जाणाऱ्या कॉमर्सच्या पोरांना वाटलं, मॅडमचं लग्न मोडलं.

"मावशी, कपाटाला कुलूप होतं. मीच उघडलं. ट्रे आहे, बाकीच्या बाटल्या आहेत, तेवढी एकच नाही."

मावशी म्हणजे पुष्पावती साळवे, विभागाच्या भांडारपाल. कोणती वस्तू कुणी नेली आणि परत केली का, हे सव्वीस वर्षं त्यांच्या रजिस्टरात उतरत होतं. माणसांच्याही अशाच नोंदी त्यांच्या डोक्यात होत्या: कोण चिमटा नेऊन विसरतो, कोण फुटलेली काच गुपचूप मागे सरकवतो, कोण दुसऱ्याच्या छत्रीतून घरी जातो. त्यांना प्राणिशास्त्राची पदवी नव्हती. प्राणिशास्त्रवाल्यांचं शास्त्र मात्र पाठ होतं.

"रडून झालं की सांग," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "आज तीन वाजता ती बाटली पुण्याच्या संग्रहालयात द्यायची होती ना? नाही दिली तर काय होतं?"

सुकन्यानं नाक पुसलं. करंजी घाटावरच्या चिंचदरा पठारावर खडकांतल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं. त्यात तिला झिंग्यासारखा एक पारदर्शक जीव सापडला होता. जगात कुठं नोंद नसलेला, नव्या जातीचा. पण जात नवी म्हणायची तर त्यातला एक अख्खा नमुना पुरावा म्हणून कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि तो नरच हवा. माद्या सगळ्या जातींच्या सारख्याच. जात ओळखू येते ती नराच्या डोक्यावरच्या, हुकासारख्या आकड्यांवरून. नर सापडले तीन. दोन अभ्यासासाठी चिरले गेले. उरला हा एकच.

"लेख स्वीकारलाय, मावशी. महिनाअखेरपर्यंत संग्रहालयाचा क्रमांक कळवायचा. नाही कळवला तर लेख रद्द. मग जो आधी छापेल त्याची जात, आणि नाव ठेवायचा हक्कही त्याचा."

"आणि तू काय नाव ठरवलंयस?"

"आईचं. खळगे तिनंच दाखवले." ती हळूच म्हणाली, "तिला अजून सांगितलं नाही."

साळवेबाईंनी रजिस्टरातलं शनिवारचं पान काढलं. शनिवारी त्या भाचीच्या साखरपुड्याला सोनईला होत्या, किल्ल्या शिपाई आसारामकडे होत्या. पानावर त्याच्या हातची एकच ओळ: 'खळगीची काचपट्टी – १. ग्लिसरीन – थोडं.' पुढे नेणाऱ्याच्या नावाचा रकाना.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो रकाना कोरा होता.

२

आसाराम बोलवायच्या आधीच सुरू झाला. "बाई, म्या पिलो न्हाई."

"तू पिलास असं कुणी म्हटलं का?"

"मागं म्हनलं हुतं ना समद्यांनी. स्पिरिट कमी भरलं तवा."

खरं होतं. चार वर्षांपूर्वी स्पिरिट कमी पडलं आणि सगळ्यांची बोटं आसारामकडे वळली. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला साळवेबाई विभागातल्या प्रत्येक बाटलीवर, स्पिरिट जिथवर आहे तिथं, काचेवर लिहायच्या तेलकट पेन्सिलीनं रेघ मारत. वर्षभरात कळलं, की स्पिरिट आसाराम पीत नाही, हवा पिते. झाकणं ढिली होती. रेघांचा रिवाज मात्र राहिला. आसारामच्या अब्रूसाठी, असं त्या म्हणत.

"मी तुला स्पिरिटचं विचारत नाही. काचपट्टी कुणी नेली?"

आसारामनं छताकडे पाहिलं, मग चपलेकडे. "लिवलंय की म्या."

"वस्तू लिहिलीस. माणूस कुठाय?"

"बाई, दिवाळीला पोरीचं लगीन हाय. मला नगा इचारू."

साळवेबाईंनी पुन्हा विचारलं नाही. ज्याच्या नावानं आसारामला पोरीचं लग्न आठवतं तो माणूस त्याची रजा मंजूर करणारा असणार, की त्याला नुसतं भिववणारा? सांगता येत नव्हतं. परवाच चेतननंही त्याला कशावरून तरी झापलं होतं.

चेतन म्हणजे विभागातला दुसरा संशोधक. माशांवर काम करायचा, कॅमेऱ्यावर जीव टाकायचा. कायम होणारी जागा एक आणि उमेदवार दोन, सुकन्या आणि हा. तो फिशटँक धूत होता.

"या मावशी. माझी वाटच बघत होतो. चोर मीच ना?"

"तू शनिवारी कुठं होतास?"

"सकाळी इथं, दुपारी सुप्याला, भावाकडे. त्याच्या कंपनीत पूजा होती. पण निघताना गेटवर वॉचमन कानिफनाथनं माझी बॅग उलटी केली. बनियनसुद्धा झटकून पाहिलं. कॉम्प्युटर लॅबचे माउस गेल्यापासून तो प्राचार्य मॅडमचा डबाही उघडून बघतो."

"हे बरंय. बाटली तुझी नाही हे सिद्ध करायला बनियन लागलं."

"टोमणा मारा, पण मला सांगा, सुकन्याचा प्राणी चोरून मी काय करू? मी तर फोटो काढून दिलेत तिला. फुकट. चहासुद्धा नाही पाजला तिनं."

साळवेबाईंच्या डोक्यातल्या वहीत चेतनचं पान स्वच्छ होतं. नेलेलं परत आणतो. एक चिमटा हरवला तर स्वतःहून नवा आणून दिला. जिभेला हाड नाही, पण हाताला शिस्त आहे.

त्या जिन्यात थांबल्या. नुसता त्रास द्यायचा असता तर चोरानं नर बेसिनमध्ये ओतला असता आणि बाटली जागेवर ठेवली असती. हा लेबलासकट बाटली घेऊन गेला. म्हणजे त्याला नर हवाय, जपून हवाय. आणि कानिफनाथ गेटवर असताना बाटली बाहेर गेलेली नाही. ती इथंच आहे, या इमारतीत.

तेवढ्यात वरून हाक आली. "साळवेबाई, जरा येता का?"

३

विभागप्रमुख डॉ. रामहरी डोईफोडे हे खेकड्यांचे डॉक्टर. एकतीस वर्षं त्यांनी खेकडे जमवले होते. केबिनबाहेरच्या कपाटात त्यांच्या एकशे बारा बाटल्या रांगेनं उभ्या होत्या आणि त्या कपाटाची किल्ली ते जानव्यासारखी अंगावर वागवत; एक तारखेला साळवेबाईंच्या रेघांपुरतं तेवढं स्वतः उघडून देत. गेल्या अकरा वर्षांत मात्र त्यांचा एक लेख छापून आला नव्हता. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते आणि मुदतवाढीसाठी संस्थेच्या ऑफिसात त्यांच्या चकरा सुरू होत्या.

"वाईट झालं हो," सर म्हणाले. "पोरगी हुशार, पण वेंधळी. नमुना असा ठेवतात का? बसा ना."

साळवेबाई बसल्या नाहीत. "हरवल्याची नोंद करायची आहे. तुमची सही."

"करू. पण तिचं नुकसान होऊ द्यायचं नाही मला." सरांनी खणातून जुनी वही काढली, आणि हे सगळं त्यांच्या मनाविरुद्ध चाललंय असा चेहरा केला. "हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी चिंचदऱ्याला मलाही हा प्राणी मिळाला होता. मीही एक नर ठेवलाय. घरी आहे."

पानावर पेन्सिलीचं सुरेख चित्र होतं. पाठ वर, पाय खाली, शेपूट मागे सरळ. डोक्यावरचे आकडे केसागणिक काढलेले. खाली लिहिलं होतं: 'चिंचदरा. पाण्यात पोहताना पाहून काढले.' तारीख दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली.

"छान हात आहे सर तुमचा."

"मघाशीच सुकन्याला सांगितलं. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. शुक्रवारी प्राचार्य मॅडमपुढे कागद करू. आणि जातीला आपल्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव देऊ. संस्थेचे उपकार असतात आपल्यावर."

मुदतवाढ, साळवेबाई मनात म्हणाल्या. त्यांनी सही घेतली, ती दोनदा वाचली आणि त्या बाहेर आल्या. माणसाला हेतू आहे एवढ्यानं तो चोर ठरत नाही. हेतू तर चेतनलाही होता. आणि विभागप्रमुखावर आळ घ्यायचा तर हातात नुसता संशय घेऊन कुणी प्राचार्यांच्या दारात उभं करत नाही.

जिन्याखाली सुकन्या उभी होती. डोळे कोरडे, हे जास्त वाईट. "मावशी, मी सही करते. काहीच नसण्यापेक्षा दुसरं नाव बरं. आईला तसंही माहीत नव्हतं."

"शुक्रवारपर्यंत पेनाचं टोपण काढायचं नाही. उद्या मला तुझ्या डबक्यावर ने. कुणी सांगावं, एखादा नर अजून शिल्लक असेल."

४

नर शिल्लक नव्हता.

करंजीला एसटीतून उतरून दोघी तासभर चढल्या होत्या. पठारावर काळाकभिन्न खडक, त्यात ताटाएवढे, परातीएवढे खळगे, आणि शेळ्यांमागे काठी घेऊन सुकन्याची आई, कलाबाई. पावसाळ्यात शेळ्या, दिवाळीनंतर ऊसतोड, असं तिचं वर्ष होतं.

"आली का माजी डाक्टरीन! दुखनं कुनाचं बरं करत न्हाई, नुसती किडं मोजती," तिनं लेकीचं स्वागत केलं आणि साळवेबाईंना पाण्याचा तांब्या दिला. "ताई, तुमी तरी सांगा हिला, येवढं शिकून डबक्यात काय बगायचं?"

सुकन्या पालथी पडून एकेक खळगा धुंडाळत होती. "अंड्यांच्या पिशव्या आहेत सगळ्यांना. माद्याच. नर आधी मरतात." ती उठून बसली. "संपलं, मावशी. पंधरा दिवसांत पाणी आटेल. आता पुढच्या पावसाळ्यात."

साळवेबाईंनी पदर खोचला आणि त्या खळग्याशी बसल्या. स्पिरिटमध्ये पांढरा पडलेला, आखडलेला नर त्यांनी पाहिला होता. जिवंत जीव आज पहिल्यांदा. काचेसारखं अंग, शेपटीला शेंदरी छटा, आणि पायांच्या अकरा जोड्या वाऱ्यावरच्या कणसांसारख्या लहरत होत्या. पण लहरत होत्या त्या आभाळाकडे. पाठ खाली होती.

"हे असं काय पोहतंय? मरतंय का?"

कलाबाई खळखळून हसली. "मरतंय कशाचं! ते येडं उताणंच पवतं. लेकरू अंगनात पडल्यावानी. म्या लहान हुते तवापास्नं बगती, एकबी कदी पालथं दिसलं न्हाई."

"सगळीच?" साळवेबाईंनी सुकन्याकडे वळून विचारलं.

"सगळीच, मावशी. जन्मल्यापासून मरेपर्यंत. पाय वर ठेवूनच पोहतात, तसंच खातात. का?"

साळवेबाई खडकावर मागे टेकल्या आणि हसू लागल्या. शेळ्या बिचकून बाजूला झाल्या. माय-लेकी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"सुकन्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मला यातली एक ठणठणीत मादी बरणीत घालून दे. आणि शुक्रवारी मी बोलत असताना तू तोंड उघडायचं नाही. अजिबात."

५

प्राचार्य डॉ. माधुरी शिरसाठ रसायनशास्त्राच्या. त्यांना प्राण्यांतलं फारसं कळत नव्हतं, खोटं मात्र वासावरून कळायचं. शुक्रवारी अकराला त्यांच्या टेबलावर डोईफोडे सरांची वही होती, करारनामा होता, आणि साळवेबाईंनी आणून ठेवलेली एक बरणी.

"सही करायच्या आधी एक शंका, सर," साळवेबाई म्हणाल्या. "मंगळवारी चिंचदऱ्याहून हा जीव आणला. तुमचाच प्राणी. पण आणल्यापासून असा पडलाय. याला झालंय काय?"

सर वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकतीस वर्षं खेकड्यांत गेलेली. खेकडा उताणा पडला की संपला, हे त्यांच्या हाडात भिनलेलं.

"अरेरे. उताणा पडलाय. गेल्यात जमा. पाण्यातला ऑक्सिजन संपला असणार." त्यांनी वहीचं पान वळवून प्राचार्यांपुढे धरलं. "हे बघा मॅडम, निरोगी असताना कसा असतो ते. मी पाहिला तेव्हा खळगाभर असे सरळ पोहत होते."

"असे? पाठ वर करून?"

"मग काय! हे डोळ्यांनी पाहून काढलंय मी."

साळवेबाईंनी बरणीवर टिचकी मारली. मादी तशीच उताणी, सुळकन एक फेरी मारून पुन्हा मध्ये येऊन थांबली.

"गेल्यात जमा असलेला बराच चपळ आहे, सर."

साळवेबाईंनी बरोबर आणलेल्या चेतननं मोबाईल पुढे केला. सुकन्यानं ऑगस्टमध्ये पठारावर घेतलेला व्हिडिओ. खळग्यात दोनेकशे जीव, सगळ्यांचे पाय आभाळाकडे. प्राचार्यांनी तो दोनदा पाहिला, मग वही पाहिली.

"डोईफोडे सर, यातला एकसुद्धा तुमच्या चित्रासारखा पोहत नाही."

"स्मरणातून काढलं असेल... काही गडबड झाली असेल..."

"स्मरणातून काढलं तर आकडे इतके बारीक कसे?" साळवेबाईंनी विचारलं. "मॅडम, ते चित्र मेलेल्या नरावरून काढलंय, भिंगाखाली ठेवून. मेलेला कसाही ठेवता येतो, म्हणून सरांनी त्याला सरळ केला. माझ्या रजिस्टरात शनिवारी खळगीची काचपट्टी गेलीय. टीचभर प्राणी ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायला ती लागते. सुकन्यानं स्वतःसाठी एक जुलैतच नेलीय, ती अजून तिच्याकडेच आहे. चेतनचे मासे त्या खळगीत मावत नाहीत. खेकडे तर नाहीतच. मग नेली कुणी?"

उत्तर आलं दारातून, चहाच्या ट्रेसकट:

"सरांनी नेली. किल्ल्याबी घटकाभर मागून घेतल्या." आसाराम ट्रे घेऊन आत आला. "नाव घालू नको म्हनले. न्हाई घातलं. पर वस्तू लिवली म्या. बाईंचं रजिस्टर हाय ते, त्यात खोटं लिववत न्हाई."

सरांचा चेहरा उतरला, पण एकतीस वर्षांची खुर्ची एवढ्यात सुटत नाही. "काचपट्टीनं चोरी सिद्ध होते? माझा नमुना वेगळा आहे. घरी आहे!"

"घरी नाही," साळवेबाई शांतपणे म्हणाल्या. "बाटली गेटबाहेर न्यायची तुमची हिंमत झाली नाही. फेकून दिली तर तुमच्याही हाती नर राहत नाही. ती लपवायची तर जिथं बाटल्याच बाटल्या आहेत आणि किल्ली तुमच्याकडे आहे, तिथंच. मॅडम, खेकड्यांचं कपाट उघडायला सांगा."

"एकशे बारा बाटल्या आहेत! सगळ्या उपसणार?"

"एकच उपसायची आहे."

सगळे सरांच्या केबिनबाहेर आले, कपाट उघडलं. साळवेबाई हात मागे बांधून रांगेपुढून चालत गेल्या. प्रत्येक बाटलीवर त्यांची एक तारखेची काळी रेघ होती. प्रत्येकीत स्पिरिट रेघेशी होतं, नाहीतर केसभर खाली. तिसऱ्या फळीपाशी त्या थांबल्या.

"स्पिरिट उडतं, मॅडम. खाली जातं. आपोआप वाढलेलं मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही. या एका बाटलीत ते रेघेच्या वर आहे, अर्धं बोट. कुणी स्पिरिट ओतलं असतं तर माझ्या रजिस्टरात असतं. म्हणजे आत काहीतरी बुडवलंय."

चेतननं लांब चिमटा घातला. भला मोठा खेकडा उचलला गेला, आणि त्याच्या पोटाखालून, त्याच्या नांग्यांच्या राखणीत, बोटभर बाटली वर आली. आत पेन्सिलीनं लिहिलेलं सुकन्याचं लेबल. आणि आकडे रोखून, अख्खा, चिंचदऱ्याचा एकुलता नर.

सुकन्यानं तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. तिनं साळवेबाईंना अशी मिठी मारली की चष्मा थेट खेकड्याच्या फळीवर जाऊन पडला.

आपल्या खोलीत परतताच प्राचार्यांनी करारनामा उचलला, मधोमध फाडला आणि वही स्वतःच्या खणात कुलूपबंद केली. "सर, उद्यापासून रजेवर जा. चौकशी समिती बोलावेल तेव्हा या." मग सुकन्याकडे वळल्या. "तू अजून इथं काय करतेस? पुण्याची गाडी किती वाजता आहे? माझी घेऊन जा."

६

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेख छापून आला. एकटीचं नाव: सुकन्या कलाबाई गर्जे. खाली आभारात साळवेबाई, चेतन आणि आसाराम. आसारामनं ते पान लॅमिनेट करून घेतलं.

सुकन्यानं आईला फोन लावला तेव्हा कलाबाई एका साखर कारखान्याच्या हद्दीत उसाच्या फडात होती. वारा, कोयत्यांचे आवाज, कुणाचं तरी ट्रॅक्टरला शिव्या देणं.

"आई, ते उताणं पोहतं ना, त्याला नाव मिळालं. तुझं."

"माजं? त्या येड्याला?" कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. "पर समद्यांना कळंल का?"

"सगळ्या जगाला. जपान, अमेरिका, कुठंही कुणी त्याच्याबद्दल लिहिलं तर तुझंच नाव लिहावं लागणार."

"आन् कुनी बदललं तर? मोठ्या लोकान्ला काय, आज एक, उद्या एक."

"बदलता येत नाही."

"सरपंचाला?"

"नाही."

"कलेक्टरला?"

"नाही आई. कुणालाच नाही. तू नसशील, मी नसेन, तरी ते नाव राहणार."

कलाबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि फडाकडे तोंड केलं. तिचा आवाज सुकन्याला नगरात, कानापासून हातभर लांब धरलेल्या मोबाईलमधूनही खणखणीत ऐकू आला.

"ओ मुकादम! 'ए कलू' म्हनायचं आजपास्नं बंद! कलाबाई म्हनायचं, पुरतं नाव. अमेरिकेतबी तसंच म्हनत्यात!"